सशाचं रक्त

आमच्या रिझेत चांगल्या चहाला म्हणतात सशाचं रक्त.
पेला कमरेला धरून उजेडात न्यायचा,
पलीकडचा डोंगर लाल दिसला की समजायचं, उतरला.
हमियेत तसाच करायची.
मग तिच्या नखांखालचा रंग गेला,
आणि चौथ्यांदा उकळलेल्या पत्तीसारखी ती
चौकटीला टेकून श्वास मोजू लागली.

मूत्रपिंडं बसली, एवढं कळलं होतं.
रक्त करा, असा हाडांना निरोप देणारीही तीच,
हे सेलजान डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.
निरोप्याच गेला. हाडं वाट बघत बसून.
"आणि हृदय?"
"पातळ रक्त घेऊन धावाधाव करतंय."
पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "भिंतीवर मांस चढलंय."
मला क्षणभर बरंच वाटलं.
मूठभर मांस चढतं ते आनंदानं, एवढंच मला ठाऊक.

मी डोंगरावरून चहाची गाठोडी तारेवरून खाली सोडतो.
इंजिन बावीस वर्षांचं.
पट्टा सैल पडला तर ते फुकट धावतं, तापतं.
ओझं जास्त झालं तर कण्हतं,
आणि तार बारीक आवाजात गायला लागते.
दोन्ही आवाज मला झोपेतही वेगळे ओळखू येतात.

सुई सुरू झाली. आठवड्यातून तीनदा,
यंत्रावरून उतरताना, एवढीशी, फ्रिजमधली.
साडेसात. नऊ. साडेदहा.
मे महिन्याच्या तोडणीला बारा,
आणि ती कात्री घेऊन पाचव्या पायरीवर,
गाठोडं तिरकं बांधलं म्हणून वरून मला शिव्या देत होती.
शिव्या! दोन वर्षांनी!
डोळ्यांत धूर गेला, असं मी पोरांना सांगितलं.
तेरा झाले तेव्हा मीच म्हणालो, चौदा करा की.

शेजारच्या खुर्चीवर नाझमी, ट्रकवाला. त्याचेही तेरा.
एका मंगळवारी आला तो अर्ध्या तोंडानं हसत.
आम्हाला थट्टा वाटली.

हमियेतच्या डाव्या कोपरात जोडलेली नस आहे,
बोटाखाली मांजरासारखी गुरगुरते.
तिच्यावर हात ठेवून झोपायची मला सवय.
जूनमधल्या एका रात्री मांजर गप्प.
त्राबझोनपर्यंत समुद्र उजव्या हाताला,
मी एकदाही तिकडे पाहिलं नाही.
रक्तदाब वरचा एकशे ब्याण्णव.
नसेत गाठ. काढली. पहाटे गुरगुर परत आली,
आधीपेक्षा जरा घोगरी.

"अकरा," सेलजानबाई म्हणाल्या. "फार तर साडेअकरा."
"तेराला ती डोंगर चढते, बाई."
"तेराला रक्त दाटतं. भिंत आधीच जाड आहे, इद्रिस."
"मग अकराला तिनं काय करायचं?"
त्या कागदावर काहीतरी लिहीत राहिल्या.
टेबलावर त्यांचा चहा होता, अगदी फिका,
मुद्दाम की घाईत, ते विचारायचं राहिलं.

हमियेतला पटलेलं नाही. अजूनही नाही.
म्हणते, सगळ्यांनी मिळून माझ्या दोन पायऱ्या खाल्ल्या.
खाल्ल्याच.
तिसऱ्या पायरीवर हेझलनटचं झुडूप आहे, तिथे ती थांबते,
कात्री माझ्या हातात देत नाही,
बहिणीच्या सुनेला देते.
मी खाली इंजिनापाशी. पट्टा ताणून बघतो,
एक गाठोडं कमी लावतो, कुणाला सांगत नाही.

दिवसाला अर्धा पेला, तेवढीच तिला मुभा.
संध्याकाळी तो ती उजेडात धरते.
"पाणी घाल."
घालतो.
"अजून?"
"पुरे. ससा जगू दे."
मग रिकामा पेला मांडीवर ठेवून
वरच्या दोन पायऱ्यांकडे बघत बसते.
बराच वेळ.