हातभर

आमच्या नाल्यावरचा बांध नकाशात सापडत नाही.
लांबी एकशे चाळीस पावलं, माझी.
मैनोद्दीनची एकशे बावन्न, तो पाय ओढून चालतो.
उन्हाळाभर तळात पोरं क्रिकेट खेळतात,
पाव्हणे विचारतात, हे कशाला बांधून ठेवलंय?
रिकामं ठेवायचं, म्हणजे वेळ आली की पाणी मावतं,
हे सांगून कुणाला पटत नाही.

गाभ्यात काळी माती, वरून मुरूम,
पाण्याच्या अंगाला दगड.
गाभा दाबायचा होता त्या आठवड्यात रोलर बंद पडला,
मुकादमानं बायका रांगेत उभ्या केल्या,
वीतभर थर, पाणी शिंपायचं, तुडवायचं,
पुन्हा वीतभर.
माझी आई त्यांत होती, सातव्या महिन्यात.
मी आतून तुडवत असणार.
मुरूम आणला यल्लप्पाच्या गाढवांनी, बारा होती,
काम संपताना अकरा.
बारावं खंदकात आहे म्हणतात. वहीत नोंद नाही.

दर वैशाखात आम्ही दोघं घुशींची बिळं बुजवतो.
बाभळीचं रोप दिसलं की मुळासकट.
मूळ कुजलं की पाणी वाट शिकतं,
हे यल्लप्पाचं बोलणं.
पगार नाही. बोटुकली सोडायची तेवढी आमची,
कटला, रोहू, उरुसापर्यंत अर्ध्या किलोचे.

त्या साली सांडव्यावर मी सात पोती रचली.
मातीचीच. हातभर उंच.
हातभर पाणी जास्त, महिनाभर मासे जास्त.
मैनोद्दीनला बोललो नाही.

हस्ताच्या चौथ्या रात्री ढग बालाघाटावर बसले
ते उठेचनात.
टॉर्च मारला, पाणी माथ्याच्या वीतभर खाली.
बांधाखाली गावठाण, तांडा,
रेशनच्या दुकानात कालच उतरलेला गहू,
उपकेंद्रात रुक्साना, पहिलटकरीण, कळा चालू.
"सांडवा बोलंना कसा?" मैनोद्दीन म्हणाला.
बांध भरला की सांडवा बोलतो, पार तांड्यावर ऐकू जातं.
त्या रात्री त्याच्या तोंडात बोळा होता.

कमरेला कासरा बांधून मी उतरलो.
दुसरं टोक मैनोद्दीनच्या कमरेला,
तो मुरमात टाचा रोवून बसलेला.
पहिलं पोतं हलेना. भिजलेली माती माणसापेक्षा जड.
विळ्यानं त्याचं पोट फाडलं.
दुसऱ्याचं. तिसऱ्याचं.
चौथ्याला बाकीची आपणहून गेली
आणि सांडवा असा बोलला
की आधी छातीत ऐकू आलं, मग कानात.
कटले अंधारात चमकले, गेले.

पहाटे पाणी हातभर उतरलं होतं.
ओढ्याकाठच्या दोन गोठ्यांत चिखल,
तांड्यावरची एक कोंबडी गेली,
रुक्सानाला मुलगी.
सरपंच म्हणाले, जुनं काम, मजबूत काम.
माथ्यावर नारळ फोडला.
माझ्या वाट्याचं खोबरं मी खिशात ठेवलं,
संध्याकाळी ते खवट झालेलं, तरी खाल्लं.

मैनोद्दीननं अजून काही विचारलेलं नाही.
कासरा त्यानं धरला होता,
फाटलेली पोती त्याच्या पायाशी अडकली होती,
आमच्याच घरच्या खताची, निळ्या अक्षरांची.
पण वैशाखात बिळं बुजवून झाली
की तो पाय ओढत सांडव्यावर जातो,
काठी उभी धरतो,
माथा कुठं, सांडव्याचा उंबरा कुठं,
आणि काठीवरची खूण मला दाखवतो.
मी वाकून बघतो. दर वर्षी वाकून बघतो.
खूण दोन हातांवर.
माप त्याच्याच हातांचं.