मागाच्या खोलीत दहा मीटर

टेपचं दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं,
दाराच्या कडीला अडकवलं.
दहा मीटर, वर चार बोटं.
तांडापेठेतल्या आमच्या घरात एवढी सरळ जागा
फक्त या खोलीत,
कारण बाबांचा ताणा इथे पसरायचा.
मागाचा खड्डा मीच बुजवला, दोन हजार दोन साली, सिमेंटने.
रुणाली नेमकी त्या चौकोनावर उभी राहते.
म्हणते, इथं फरशी गार लागते.

कागदाचं लक्ष्य, जमिनीपासून एक मीटर चाळीस.
त्यावर दिवा, असा की चमक नको, सावलीही नको.
रायफल क्लबची, सुट्टीपुरती.
नळीखाली क्लॅम्प, क्लॅम्पात सेन्सर,
काडेपेटीएवढा. किंमत विचारू नका;
एका पोराने खेळ सोडला म्हणून अर्ध्यात मिळाला.
वायर तिच्या कोपराला अडू नये
म्हणून ती जुन्या फणीच्या खिळ्यावरून वळवली.
खिळा अजून घट्ट आहे.

यंत्र ऐकतं.
छर्रा नसतोच; चापाचा टक् ऐकून
ते मानून घेतं की गोळी सुटली.
पहिल्या संध्याकाळी निमजेकाकूंनी दार आपटलं
आणि पडद्यावर सात पूर्णांक दोन लागले.
कुकरची शिट्टी, चार.
"काकू मस्त खेळून राहिल्या," रुणाली म्हणाली.
मग मी यंत्राचे कान कमी केले, एकेक घर,
काकू ऐकू येईनात तोवर.

शून्य मला कळतं.
इतवारीत तीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करतोय.
रिकाम्या पारड्याला रिकामं म्हण,
काट्याकडे दुसरं मागणं काय असतं?
"मधोमध धर. टक्. अजून एकदा."
तिचा मध्य आणि यंत्राचा मध्य
यांत दोन सुतांचं भांडण होतं,
ते मिटवलं.

मग रेघ.
येताना हिरवी, शेवटच्या सेकंदाला पिवळी,
टक् होण्याच्या जरा आधी निळी, मागून लाल.
काळ्या गोलावर नुसता गुंता.
बाबांनी विचारलं असतं,
मागावर आज कोण शिकाऊ बसलंय?

निळी थरथरत होती. बारीक, सारखी.
ढकाते सरांना फोन केला. श्वास, म्हणाले.
दुसऱ्या फोनला म्हणाले, डावं कोपर.
तीन दिवस पोरगी स्वतःला बोल लावत राहिली,
जेवली नाही नीट.
चौथ्या दुपारी कूलरची मोटर जळाली
आणि रेघ अशी आली, जशी पाण्यातून काढलेली.
खिडकीतला कूलर भिंत हलवत होता,
भिंत लक्ष्याला.
मी गिऱ्हाइकांना रोज हेच सांगतो,
काटा खोटा नाही हो, खालचं टेबल हलतंय;
आणि घरात मला दिसलं नाही.

मोटर मी बदलली नाही.
मे महिना, पारा पंचेचाळीसच्या वर,
ती कॅनव्हासच्या जाड जॅकेटात उभी,
हनुवटीवरून घाम बटावर.
तरी निळ्या रेघेत एक टिचकी उरलीच,
ठरल्या अंतराने.
मी स्क्रू तपासले. केबल बदलली.
"काहून शोधून राहिले? तो माझा ठोका आहे," ती म्हणाली.
"दोन ठोक्यांच्या मधात दाबायचं असतं."

काल म्हणाली, आता तुम्ही धरा.
यंत्राने नाव विचारलं, तिने लिहिलं: पप्पा.
रायफल माझ्या अंदाजापेक्षा जड निघाली.
दिवाळीपासून सोल्डरिंगचं टोक डावीकडे पळतं;
दुकानात मी दोष चष्म्याला देतो.
टक्.
रेघ काळ्या गोलात मावेना,
पांढऱ्यात गेली, कागदाबाहेर गेली, परत आली.

रुणाली पडद्याकडे पाहत राहिली.
मग खिडकीकडे.
"कूलर तर बंद आहे नं, पप्पा?"

बंद होता.