दारावर

तार्तूत सकाळी नऊलाही अंधार.
उर्वे अंड्याच्या कवचाला नखाएवढी खिडकी पाडते;
आत दोन दिवसांचा जीव, स्वल्पविरामासारखा वळलेला.

पेशीला इथे पत्र धाडता येत नाही,
शेजारणीनं अंगाला अंग लावूनच सांगायचं.
दार एकच: नॉच.
डेल्टा-वन ठोठावते, थांबते, पुन्हा ठोठावते,
आणि आतून स्नायू उठून येतो.
डेल्टा-फोर बेलवरचं बोट काढतच नाही;
स्नायू म्हणतो, आत्ता नको.

"पण निरोप तोच ना?" तार्मो विचारतो.
उर्वे खिडकीवर चिकटपट्टी लावते.

संध्याकाळी तळमजल्यावर, म्हाताऱ्या हेल्यूच्या दाराशी,
बुटांवरचा बर्फ झटकून
ती दोनदा टकटक करते.
हात खाली घेते.
मग आतल्या काठीचा आवाज येईस्तोवर
नुसती उभी.