पोर्ट चोवीस

मोहाडीच्या पॅकहाउसात, पत्र्याला टेकून,
स्विच दोन वर्षं धूळ खात होता.
एकाच नेटवर्कात सगळे:
ऑफिसचे हिशेब, सोळा कॅमेरे,
प्रीकूलिंगमधले सेन्सर,
ड्रायव्हरांचं फुकटचं वायफाय.
एकाने हाक मारली
की सगळ्यांनी माना वर करायच्या.

मी नाशिकहून बाइकवर गेलो,
सॅकमध्ये लॅपटॉप, निळी कन्सोल केबल.
"भिंती घालायच्या म्हणता," बोरस्ते म्हणाले,
"मग विटा कुठायत?"
विटा नाहीत. नुसते आकडे.
दहा ऑफिस, वीस कॅमेरे, तीस थंडी,
चाळीस ड्रायव्हर.
एकेका पोर्टला सांगत गेलो, तू कुणाचा.

चोविसावा मात्र सगळ्यांचा.
तिथून एकाच तारेने
सगळं पलीकडच्या शेडात जाणार.
"मिसळणार नाही का?"
मी फळ्यावर काढायला खडू शोधत होतो,
तर टेबलावरून सिंधूताई गांगुर्डे म्हणाल्या,
हातातलं लेबल न थांबवता,
"हा खेडगावचा प्लॉट, हा जानोरीचा.
गाडी एकच. मिसळतात का?"
"आणि खाणाऱ्याला?"
"त्याला कशाला लेबल? तो द्राक्ष खाणार."

एवढंच होतं. ट्रंक, टॅग, अ‍ॅक्सेस.
मला शिकायला सहा महिने लागले होते.

संध्याकाळी कंटेनरच्या सावलीत
रईस मोबाइल वर धरून उभा.
"आमचा नंबर काय?"
चाळीस.
"चाळीसवरून ऑफिसात जाता येतं?"
नाही. फक्त बाहेर जाता येतं.
"कॅमेऱ्यात?"
नाही. कॅमेरा तुम्हाला बघतो.
तो हसला. "मग नवीन काय केलंत साहेब?"

बिल घेतलं. चहा घेतला.
ढकांब्याच्या अलीकडे, अंधारात,
एकदम आठवलं:
सेव्ह केलंच नाही.

दिवसभराच्या सगळ्या भिंती
नुसत्या चालू विजेवर उभ्या आहेत.
रात्री फीडर गेला, जनरेटरने दहा सेकंद घेतले,
की स्विच डोळे चोळत उठेल
आणि त्याला काहीच आठवणार नाही.
बोरस्त्यांचा हिशेब, रईसचा मोबाइल,
शून्य पूर्णांक आठ अंशाचा सेन्सर,
पुन्हा एका खोलीत,
एकमेकांच्या हाकांना माना वर करत.

बाइक कडेला घेतली. इंजिन चालू ठेवलं.
थंडीचे आकडे हरवले
तर सकाळी माल नासेल, हे खरंच.
दिंडोरीकडून एक ट्रक आला,
त्याच्या दिव्यात माझी सावली
रस्ताभर लांब झाली, मग गेली.

उजवा इंडिकेटर लावला.
तो बराच वेळ लुकलुकत राहिला.