पाच डोसांची बाटली

मुंढव्याच्या पुलापलीकडे, बावीस मजल्यांच्या सावलीत
पत्र्याच्या चाळीस खोल्या.
पत्र्यावर खडू नीट उमटत नाही.
मागच्या महिन्यात सतरा नंबरला फुली मारली होती,
पुसट झालीय, पण आहे.

रुक्सानाताई रजिस्टरवर बोट फिरवते :
कार्तिकी. नऊ महिने, वर अकरा दिवस.
आई भागीरथी, देगलूरकडची.
कार्ड गावाकडं, पेटीत, सासूच्या लुगड्याखाली.
बाप वर, स्लॅबवर.

"सुईनं ताप येतंय म्हणं.
लेकरू रातभर रडलं की मुकादम बोलायलाय."
येतो, मी म्हणते. खोटं कशाला सांगू?
गोळी देते, पाव पाव.
गोवराचा ताप मी बघितलाय गं...
पुढचं तोंडाशी आलं
तेवढ्यात रुक्सानाने माझा पाय दाबला.

निळ्या डब्यात बर्फाच्या विटा, मधे बाटली.
एकदा फोडली की चार तास,
मग उरेल ते टाकायचं.
डोस पाच, पोर एक.
पूर्वी एक मॅडम विचारायच्या, वाया किती घालवलंत?
आता वरून सांगतात, एकासाठीसुद्धा फोडा.
हात मात्र अजून जुनाच आहे, कचरतो.

फोडली. लेबलवर वेळ लिहिली : दहा वीस.
उजवा दंड.
कार्तिकीने आधी माझ्या घड्याळाकडं पाहिलं,
मग आईकडं,
मग क्रेन थांबावी असा टाहो.

अर्धा तास तिच्यापाशी बसलो, आणि निघालो
चार दंड शोधत.
विटांच्या थप्पीमागे एक सापडला.
एक वॉचमनची नात, मामाकडे आलेली, उद्या जाणारी.
एकाच्या आईला महिना आठवेना,
"तुरीच्या काढणीत झाला, धाकट्या जावेच्या लग्नाआधी,"
मग आम्ही तिघी बोटांवर तुरी मोजत बसलो.

दोन वाजता परतलो तर भागीरथी दारात,
नवं कार्ड हातात, उलटं धरलेलं.
"पुढची तारीख सात महिन्यांनी म्हणता.
तवा आम्ही कुठं असू?"
असशील तिथं दाखव, म्हटलं. पेटीत नको ठेवू.
ओल्या बोटाने फुली पुसली.
पुसली गेली नाही नीट, तिच्यावरच टिंब दिलं.

दोन वीस. बाटलीत एक डोस,
आता कुणाचाच नाही.
रुक्साना गाडी सुरू करते,
आणि आम्ही दोघी, काही न बोलता,
खराडीपर्यंत
रस्त्याकडेची पोरं मोजत जातो.