सुतळी

देवास नाक्याच्या शोरूममध्ये
मी पिशवीतून सुतळी काढली.
दोन गाठी. मधलं अंतर
सिमरोलच्या साडेतीन बिघ्यांतल्या
जामाच्या दोन ओळींमधलं,
फांद्या सोडून.

पेरूला आम्ही इंदूरकर जामच म्हणतो,
पुण्याच्या नणंदा अजून हसतात.

विक्रेता पन्नास हॉर्सपॉवरचं बॉनेट थोपटत होता,
घोडीला थोपटावं तसं.
‘मॅडम, साहेब येतील ना बघायला?’
‘साहेब मोजत नाहीत,’ म्हटलं,
‘नुसतं पसंत करतात.’

लाल. निळा. पुन्हा लाल.
मी उकिडवी बसून
मागच्या चाकांना सुतळी लावत गेले.
दर वेळी गाठ
टायरच्या आतच राहिली.

कोपऱ्यात, पाण्याच्या कॅनमागे
अठरा घोड्यांचा एक बुटका उभा होता,
सीटवर कुणाचा तरी जेवणाचा डबा.
इथे गाठ टायरबाहेर गेली,
चांगली वीतभर.

‘अहो, हे तर खेळणं आहे.’

मी डबा उचलून त्याच्या हातात दिला
आणि पदर खोचून चढले.
पाय क्लचपर्यंत पुरला.

खाली तो डबा धरून उभाच.
सुतळी बोटाला गुंडाळत म्हटलं,
‘भिया, आता रोटाव्हेटर दाखवा.
तोही मोजायचाय.’