अर्ध्या र चं शपथपत्र

मी, खाली सही करणार निरंजना उके,
वय एकोणपन्नास, धंदा टायपिंग, राहणार इंदोरा, नागपूर,
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की

जिल्हा कोर्टाच्या कुंपणाला लागून माझं टेबल आहे.
वर पत्रा, खाली बॅटरी, मधे कॉम्प्युटर.
त्यातलं चोरीचं ऑफिस काढून
भाच्यानं दुसरं टाकून दिलं.
टेंभेकर वकील हसले, फुकटचं ते फुकटचंच.
भाचा म्हणाला, फुकटचं नाही मावशी, मोकळं आहे.
मोकळं म्हणजे?
म्हणजे आतून उघडून पाहता येते,
बिघडलं तं सुधरवता येते,
अन् काऊन उघडलं, असं कोणी विचारत नाही.
मी मान हलवली. गिऱ्हाईक उभं होतं.

एप्रिलात वऱ्हाडपांडे आले.
जागेचा दावा, एकशे चाळीस पानं,
अर्धी माझी, अर्धी महालातल्या कोण्या पोराची,
आणि आजोबा सगळीकडे
दिनकर वऱ्हाडपांडेंऐवजी दिगंबर वऱ्हाडपांडे.
म्हटलं, बसा, एका मिनिटात होते.
शोधा, बदला.
यंत्र म्हणालं, अकरा ठिकाणी बदललं.
ते चष्मा पुसून कागदावर मोजत बसले. एकोणतीस.
"मग आमचे अठरा वऱ्हाडपांडे गेले कुठे हो, बाई?"

अठराही पडद्यावर होते.
मला दिसत होते, त्यांना दिसत होते.
यंत्राला दिसत नव्हते.

रात्री भाच्यानं फोड करून सांगितली.
हा अर्धा र लिहायच्या दोन तऱ्हा.
एकीत खाली नुक्ता,
दुसरीत मधे एक जोडणारा,
जो स्वतः कधी दिसत नाही.
डोळ्याला एक, यंत्राला दोन.
पोरानं एक वापरली, मी दुसरी,
आणि एक घराणं मधोमध फाटलं.

कोर्टाला सुट्टी लागली. शेचाळीस डिग्री.
कूलरचा पंप अडला की उठून थापट मारायची,
पुन्हा बसून तक्रार लिहायची, इंग्रजीत,
माननीय महोदय पासून.
भाच्यानं ते खोडलं. तिथं कोणी महोदय नसते.
चौथ्या दिवशी उत्तर आलं,
जिथं तेव्हा रात्र होती अशा कुठून तरी:
हे अक्षर खरंच वापरात आहे का? पुरावा द्यावा.

सव्वीस वर्षं मी दुसरं काय करते?
शाळेच्या दाखल्यावर शेवंता,
रेशनकार्डावर शेवंताबाई,
सातबाऱ्यावर शेवंती,
आणि खाली मी टाइप करते की
वरील तिन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत.
तीस रुपये पान.

मग लिहीत सुटले.
पायऱ्या. सुऱ्या. दऱ्या. कोऱ्या नोटा.
गोऱ्हा. म्हाताऱ्यांची पेन्शन.
आमचं सगळं वऱ्हाड.
आणि हेही, की तर्रीतला र हा नव्हे.
तो पुढच्याच्या डोक्यावर चढून बसतो,
हा पुढच्याचा हात धरून चालतो.
(हे भाच्याला इंग्रजीत करता आलं नाही. तसंच पाठवलं.)
शेवटी: वरील दोन्ही र ही एकच व्यक्ती आहे.

अधिवेशनाच्या दिवसांत,
रस्ते बंद, टेबलाशी कोणी नाही,
नवी आवृत्ती उतरवून घेतली.
जुनी फाइल उघडली. शोधा.
एकोणतीस.

वऱ्हाडपांडेंना फोन केला.
त्यांनी ते अठरा केव्हाच पेनानं दुरुस्त करून
दावा दाखल केला होता.
"अरे वा," म्हणाले. मागे कोणी तरी जेवायला हाका मारत होतं.
दुरुस्त्यांच्या यादीत एक ओळ आहे,
नाव त्या दूरच्या माणसाचं,
ज्यानं काम केलं त्याचंच.
टेंभेकरांना ती मी दाखवली नाही.

येणेप्रमाणे मजकूर माझ्या माहितीनुसार खरा आहे.
फक्त हे टाइप करताना
इंदोऱ्याखाली लाल रेघ येऊन राहिली.
मे महिन्यात बघते.